बसून जाण्याचा अर्ज

कागदाच्या डाव्या अंगाला 'प्रति' एवढा शब्द टंकून माझी बोटे पुढे सरेनात, असे आजवरच्या व्यवसायात एकदाच घडले. काय मागायचे ते पक्षकाराला ठाऊक असते; कोणाकडे मागायचे ते मला ठाऊक असते. माझे घर या दुसऱ्या ज्ञानावर चालते. ते ज्ञान ज्या दिवशी तोकडे पडले, त्या दिवसाविषयी लिहिणे मला भाग आहे.

कोल्हापुरात जिल्ह्याच्या कचेरीच्या कुंपणालगत, पत्र्याच्या छपराखाली मी अर्जलेखक म्हणून बसतो. टेबल, टंकयंत्र, कार्बन कागद, अंगठ्यासाठी शाईचा पॅड आणि पक्षकारासाठी एक लाकडी बाक, एवढे माझे कार्यालय. शेजाऱ्यांकडे आता संगणक आले आहेत. मी टंकयंत्र सोडलेले नाही. शिक्षण विचाराल तर सातवी उत्तीर्ण, आठवीतून बाहेर. परंतु पुढचे शिक्षण मी या कुंपणाशी बसून घेतले, आणि माझ्या हातचा मसुदा पाहून दोन-चार वकिलांनी 'हा कोणी लिहिला?' अशी चौकशी केलेली आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

बाहेरच्या माणसाला वाटते, अर्ज म्हणजे रडगाणे. तसे नाही. अर्जात मी कोण, माझे काय झाले आणि मला काय पाहिजे, एवढेच असते. त्यातले साहेब लोक फक्त शेवटचे वाचतात. नव्वदच्या सुमारास ही गोष्ट सर्व अर्जलेखकांच्या ध्यानात आली आणि तेव्हापासून अर्जाच्या शेवटी एक वाक्य हमखास येऊ लागले: 'अन्यथा मला नाइलाजाने आत्मदहनाचा मार्ग पत्करावा लागेल.' पाणंद रस्ता अडवला, आत्मदहन. रेशनकार्ड मिळेना, आत्मदहन. गारगोटीकडचा एक गृहस्थ बांधाच्या वादात असा अर्ज देऊन गेला आणि ठरल्या दिवशी कचेरीच्या दारात हजर झाला. पोलिसांनी त्याची पिशवी उघडली, तर आत भाकरी आणि झुणका. रॉकेल कुठे आहे म्हणून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ते बगू की मागनं. आदी जेवतो."

आम्ही हसलो. पण कचेरीला हसून चालत नाही. तिथे आवक टेबलावर एक वेगळा गठ्ठा तयार झाला. ज्या कागदात मरणाचा शब्द दिसेल तो कागद बाकीचे काही न वाचता त्या गठ्ठ्यात आणि गठ्ठा थेट पोलिसांकडे. आम्ही लिहीत गेलो आणि कचेरीचा हात त्या शब्दाला सरावत गेला. कचेरीला ही सवय आम्ही अर्जलेखकांनीच लावली, हे पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवावे.

आणखी एक रीत सांगायला हवी. अर्ज पुरा झाला की तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, मग विचारायचे, 'बरोबर आहे?' त्याने 'बरोबर आहे' म्हटल्यावरच सही किंवा अंगठा. पुष्कळ अर्जलेखक ही रीत टाळतात. मी पदवीधरालाही वाचून दाखवतो. कारण माणूस सांगताना जे बोलून जातो, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला पेलत नाही. मलकापूरच्या एकाने 'सख्खा भाऊ मला जिवे मारण्याची धमकी देतो' असे लिहायला सांगितले होते. मी ते वाचताच तो बाकावर चुळबुळू लागला आणि म्हणाला, "तेवढं खोडा. त्यानं शिवी दिलीया. धमकी न्हाई दिली बिचाऱ्यानं."

गंगव्वा आल्या त्या दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका सकाळी, रिक्षातून. सून महानंदा त्यांना धरून होती. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेत त्यांची अडत होती; नवरा तरुणपणी गेल्यावर ती त्यांनी स्वतः चालवली आणि मग मुलाच्या, सिद्धाप्पाच्या हाती दिली. माहेर निपाणीच्या बाजूचे, लिंगायत घर. शाळा कानडीत झालेली. पेठेतले शेतकरी त्यांच्या तोंडाला घाबरत, हे मी ऐकून होतो. पण बाकावर बसल्या तेव्हा दोन्ही हात मांडीवर ठेवलेले होते, आणि ते त्यांनी ठेवले नव्हते. सुनेने ठेवले होते.

"अर्जवाले, लिवून घ्या," त्या म्हणाल्या. जीभ किंचित जड होती. "जीभ हाय तवर."

मी कागद चढवला. विषय विचारला.

"मरणाचा."

मी हात मागे घेतला. असे पक्षकार येतात. जमिनीचा मोबदला अडकला की 'इच्छामरणाची परवानगी द्यावी' असा अर्ज करायची तेव्हा नवी टूम निघाली होती. मी विचारले, "कुणावर दाब आणायचा आहे? भावकी, बँक, की नगरपालिका?"

"तुमच्या आयला," त्या शांतपणे म्हणाल्या. "दाब कशाचा आनू? मला नसांचा आजार हाय. डाक्टर म्हनला, आदी हात जानार, मग जीभ, मग श्वास. हात गेलं. जीभ चाललीया. आता श्वासाचं लिवून ठेवायचं हाय."

महानंदाने पुढचे सांगितले. गंगव्वांच्या थोरल्या भावाला हाच आजार होता. त्या भावाचा श्वास कोंडला तेव्हा त्यांच्या मुलांनी इस्पितळात नेले, घशात नळी घालून यंत्राला जोडले. मग ती नळी काढता येईना. महिनेच्या महिने ते डोळे उघडे ठेवून पडून राहिले. हातात थोडी शक्ती होती तोवर नळी ओढायचे, म्हणून हात खाटेला बांधले.

"आन् शेवटचं सांग की," गंगव्वा म्हणाल्या.

महानंदा खाली बघत राहिली. तेव्हा त्यांनीच सांगितले. "आमच्यात माणसाला बसवून नेत्यात, अर्जवाले. घरात भिंतीला टेकून बसवायचं, इभूत लावायची, बसवूनच मिरवायचं आन् बसवूनच मातीत ठेवायचं. समाधी म्हनत्यात. माझा अण्णा बसंना. पडून पडून आंग लाकडावानी झालतं, गुडघं वळनात, पाठीला जखमा. चार गडी लागलं त्येला बसवायला. हाडाचा आवाज आला. मी तितंच हुतो." त्या थांबल्या. श्वास घेतला. "भर पेठंत ताठ बसनारा मानूस. त्येला मोडून बसीवला."

मी त्यानंतर टूम हा शब्द मनात आणला नाही.

मसुदा मी माझ्या पद्धतीने केला. 'अर्जदार असह्य वेदनांनी ग्रस्त असून जीवनास कंटाळली आहे, सबब तिला मरण यावे' असे लिहिले. असह्य वेदना हे आमच्याकडचे तयार वाक्य आहे. मग रीतीप्रमाणे वाचून दाखवले आणि विचारले, "बरोबर आहे?"

"एकबी बरोबर न्हाय. दुकत न्हाय मला कुटं. खोटं कशाला लिवता? आन् कंटाळा कसला? नातवाच्या बारशाचं पेढं कालच खाल्ल्यात. मला मरायचं न्हाय."

"मग अर्ज कशाचा?"

"मरान आलं की आडवू नगासा, येवढाच. मागायचं न्हाय, आडवायचं न्हाय. येवढा फरक तुमच्या मिशीनवर बसत न्हाय व्हय?"

सुनेने तोंडाला पदर लावला. मी कागद काढून दुसरा चढवला. तो मसुदा शब्द न् शब्द त्यांचा आहे, मी फक्त पोशाख घातला. 'मला जगण्याचा कंटाळा नाही. मी मरण मागत नाही. माझे मरण वाटेत आहे. ते आले म्हणजे कोणी दारात अडवू नये. घशात नळी घालू नये, यंत्राला जोडू नये. माझे अंग वळते आहे तोवर मला माझ्या घरी जाऊ द्यावे आणि आमच्या रीतीप्रमाणे बसवून न्यावे.'

आता राहिले 'प्रति'. तिथे मी अडलो. तहसीलदार हद्दीचा मालक आहे, फौजदार भांडणाचा. माणसाच्या श्वासावर अधिकार कोणाचा? मी दुपारी ओळखीच्या एका वकिलांना विचारून आलो. ते म्हणाले, दिल्लीच्या मोठ्या न्यायालयाने मध्ये एकदा मरण्याचा हक्क आहे असे म्हटले होते, मग नाही म्हटले. तुझ्या बाईच्या अर्जाला बसेल असे कलमच नाही. मी परत येऊन गंगव्वांना तसे सांगितले. आवकेतल्या गठ्ठ्याचेही सांगितले: हा कागद आत दिला तर न वाचता पोलिसांकडे जाईल.

"मग तुमी लिवून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "मोठ्या सायबाचं नाव घाला. शिक्का पडू दे. शिक्क्याला आमचा सिद्धू भितो."

'प्रति, माननीय जिल्हाधिकारी.' महानंदाने सासूचे बोट धरून पॅडवर टेकवले, मग कागदावर. स्थळप्रतीवर आवकेचा शिक्का घेऊन ती प्रत मी माझ्या पेटीत ठेवली, कारण घरी नेली तर सिद्धाप्पाच्या हाती पडेल, असे सुनेचे म्हणणे होते.

आठवडा झाला नसेल, तोच तो गठ्ठा आपली वाट चालला.

पोवार नावाचे एक हवालदार शाहूपुरीत गंगव्वांच्या दारात येऊन उभे राहिले. वरून हुकूम होता: अर्जदाराला आत्महत्येपासून परावृत्त करावे व लक्ष ठेवावे. कायद्याने तो प्रयत्नही गुन्हा. पोवारांनी कामात कसूर केली नाही. घरातला दोर, फिनेलची बाटली, विळी, सारे सोप्यात, दारालगतच्या बैठकीत, एका ठिकाणी गोळा करून ठेवायला लावले. गंगव्वा खुर्चीतून सगळे पाहत होत्या. चमचा तोंडाशी नेण्याची ताकद हातात उरली नव्हती.

"पावनं," त्या म्हणाल्या, "मला फास लावायचा आसंल तर गाट तुमालाच मारावी लागंल. येतीया का मारायला?"

पोवारांना हसू आवरले नाही. पुढे ते दिवसाआड यायचे, सोप्यात बसून चहा घ्यायचे, त्यांना मावशी म्हणायचे. परंतु मावशी म्हणून नोंद टळत नाही. त्यांनी सिद्धाप्पाला ठाण्यात बोलावून सांगितले, की म्हातारीला इलाज न करता काही झाले तर जाब तुला द्यावा लागेल. सबब हमीपत्र लिहून आण.

ते लिहायला सिद्धाप्पा माझ्याकडेच आला. उंच, रुंद गडी, कपाळावर विभूतीची रेघ. बाकावर बसला नाही.

"तुमीच लिवलं न्हवं अव्वाचं? आता हेबी तुमीच लिवा."

आमच्या व्यवसायात दोन्ही बाजूंचे कागद एकाच टेबलावर होतात. नाही म्हणता येत नाही आणि मी म्हटलेही नाही. मी कागद चढवला. तो उभ्यानेच सांगत गेला आणि मधेच थांबून म्हणाला, "माझा बा मेला तवा मी पोरगा हुतो. हिनं पोत्यावर बसून, गड्याबरोबर भांडून अडत चालवली. लोक काय काय बोलायचं. रातीची मला भाकरी चारायची आन् मग जेवायची. आता तिला श्वास मिळंना झाला म्हंजी मी हात बांधून बगत बसू? उद्या पेठंत म्हनतील, अडतीसाठनं आईला मारली. तुमाला काय, तुमचा कागद झाला."

त्याचे म्हणणे चूक आहे असे मला त्या वेळी म्हणता आले नाही. आजही एका वाक्यात म्हणता येत नाही.

हमीपत्र झाले. मी रीत पाळली आणि मोठ्याने वाचले: 'माझ्या आईने नकार दिला तरीही तिच्यावर लागतील ते सर्व उपचार मी करवून घेईन.' विचारले, "बरोबर आहे?"

तो रस्त्याकडे बघत होता. "बरोबर न्हाय," तो म्हणाला. "पन सही करतो. पेन द्या."

मला हे सांगितले पाहिजे, की अर्जाने आपल्या मागणीच्या नेमके उलटे काम केलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. गंगव्वांनी नळी नको म्हणून लिहून दिले, आणि त्याच कागदामुळे नळी घालणे आता मुलाला बंधनकारक झाले. त्यानंतर 'अन्यथा' या शब्दाने सुरू होणारे वाक्य मी लिहिलेले नाही. गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जाते. जाऊ द्यावे.

पावसाळा सरत आला तेव्हा गंगव्वांची जीभ गेली. महानंदा कधी कचेरीकडे आली तर सांगायची: आता डोळ्यांनी बोलतात, हो म्हणजे एकदा डोळे मिटायचे, नाही म्हणजे बघत राहायचे. सिद्धाप्पाने घरी प्राणवायूची टाकी आणून ठेवली होती. आई आणि मुलगा दोघेही त्या एका गोष्टीविषयी बोलत नव्हते. एकीला बोलता येत नव्हते, दुसऱ्याला बोलायचे नव्हते.

एका दुपारी शेजारच्या टेलिफोन बूथवाल्याने मला हाक मारली. महानंदा होती; सासूला ती अत्ती म्हणे. मागे माणसांचा गलका.

"काका, अत्तींना दवाखान्यात आणलंय. श्वास अडलाय. डॉक्टर नळी घालायची म्हणत्यात. ह्यांच्या हातात पेन दिलाय. तुमी ती प्रत घेऊन या, लगेच या."

मी पेटी उघडली, प्रत घेतली, टेबल तसेच टाकून रिक्षा केली. वाटेत मी माझ्या मनाशी विचार करत होतो, की या कागदाचा मी करणार काय? त्याला कलम नव्हते. ज्यांच्या नावे होता ते साहेब त्यावर काही लिहिणार नव्हते. तरी तो खिशात घडी न घालता हातात सरळ धरून मी गेलो, कारण घडी पडलेला कागद लोक गंभीरपणे घेत नाहीत, हे मला माहीत आहे.

खासगी इस्पितळ. मधल्या वऱ्हांड्यात सिद्धाप्पा भिंतीला पाठ लावून उभा होता, एका हातात संमतीचा छापील कागद, दुसऱ्या हातात पेन. त्याच्याजवळ हवालदार पोवार. हमीपत्राप्रमाणे सिद्धाप्पानेच त्यांना कळवले होते. डॉक्टर तरुण होत्या. घाईत होत्या, पण उद्धट नव्हत्या.

"मी परत सांगते," त्या म्हणत होत्या. "नळी घालायची तर आत्ता. घातली की श्वास चालेल, पण आजार बरा होणार नाही. आणि एकदा घातली की मागाहून काढा म्हणालात, तर मला काढता येणार नाही, कायदा नाही तसा. नाही घातली, तर थोडेच दिवस. कदाचित तेवढेही नाही. घालायची की नाही हे तुमच्या हातात आहे. घातल्यावर कोणाच्याच हातात नाही."

"घाला," सिद्धाप्पा म्हणाला. आणि सही केली नाही.

मला पाहताच त्याचा चेहरा लाल झाला. "आला? आता हितं कशाला आला? हिला मारून तुमचा अर्ज पुरा हुनार हाय व्हय?"

महानंदा मधे आली. "मी बोलिवलंय."

डॉक्टरांनी माझ्या हातातला कागद पाहिला, शिक्का पाहिला, पहिल्या चार ओळी वाचल्या. "याला इथे किंमत नाही हो," त्या म्हणाल्या. "मला जवळच्या नातेवाइकाचीच सही लागते."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "हा मी किमतीसाठी आणलेला नाही. वाचून दाखवायला आणला आहे. अर्जदाराच्या समोर अर्ज वाचायचा आणि बरोबर आहे का विचारायचे, अशी आमच्यात रीत आहे. ती एकदा पाळू द्यावी. मग तुम्ही आणि हे, जे योग्य ते करा."

डॉक्टरांनी सिद्धाप्पाकडे बघितले. मग त्यांनी दार उघडले.

गंगव्वा खाटेवर उशांना टेकून अर्धवट बसलेल्या होत्या. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. प्रत्येक श्वास गळ्याशी येऊन अडखळत होता, छातीचे हाड उचलले जात होते. डोळे मात्र दुकानात बसल्यासारखे जागे. त्यांनी मला ओळखले. मग मागे उभ्या असलेल्या मुलाला पाहिले आणि त्याच्यावरून नजर हलवली नाही.

मी कागद धरला. 'प्रति,' एवढे वाचले आणि पुढचे नाव माझ्या तोंडातून येईना. जिल्हाधिकारी त्या खोलीत नव्हते. ज्याच्या हातात पेन होते तो त्या खोलीत होता. इतके महिने मला न सापडलेला पत्ता माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"प्रति, सिद्धाप्पा," मी वाचले. "यांच्या सेवेशी."

मग पुढे सावकाश वाचत गेलो. कंटाळा नाही. मरण मागत नाही. दारात अडवू नये. माझे अंग वळते आहे तोवर मला घरी जाऊ द्यावे आणि बसवून न्यावे. टंकलेले एवढेसे होते, पण वाचायला मला फार वेळ लागला. शेवटी मी विचारले, "अर्जदार गंगव्वा, बरोबर आहे?"

त्यांनी डोळे मिटले, उघडले.

सिद्धाप्पा पुढे झाला. खाटेच्या कडेला गुडघ्यावर टेकला आणि लहान मुलाच्या आवाजात कानडीत म्हणाला, "अव्वा, ब्याड? नको?"

डोळे मिटले, उघडले.

"अव्वा, नीट सांग. ब्याड?"

पुन्हा तसेच.

त्याने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा गंगव्वांच्या भुवया वर चढल्या. गिऱ्हाईक एकच भाव तीनदा विचारू लागले, की त्या पोत्यावर बसून अशाच बघत असणार. सिद्धाप्पाला ती नजर ओळखीची होती. तो रडता रडता हसला. "व्हय, व्हय. कळलं," तो म्हणाला. "चिडू नगोस."

उठला आणि हवालदारांकडे वळला. "पोवार सायब, माझी सही हाय तुमच्या ठाण्यात. सगळा इलाज करीन म्हनून."

पोवारांच्या काखेत डायरी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा खाटेकडे पाहिले. मला वाटले, आता हे कलम सांगणार.

"सकाळधरनं पोटात च्या न्हाय," पोवार म्हणाले. "मी खाली निगालोय. मला कुनी काय इचारलं न्हाय आन् मी काय ऐकल्यालं न्हाय. इलाज डाक्टरीनबाई सांगतील त्यो." दारापर्यंत गेले, टोपी काढली. "मावशी, येतो."

गंगव्वांनी डोळे मिटले, उघडले.

सही झाली, पण दुसऱ्या कागदावर. असा कागद प्रत्येक इस्पितळात असतो: 'रुग्णास आम्ही आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत.' आयुष्यभर मसुदे लिहिणाऱ्या मला इथे एक अक्षर लिहावे लागले नाही. डॉक्टरांनी धाप कमी वाटेल असे औषध दिले, ते कसे द्यायचे ते महानंदाला दोनदा समजावले आणि रुग्णवाहिकेपर्यंत खाली आल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमची रीत बरी आहे." मी मान डोलावून बाजूला झालो. बोलायला हवे होते. कायद्याचा आधार नसताना नळी न घालता सोडण्याचा जाब त्यांनी स्वतःवर किती घेतला होता, हे मला नंतर समजले.

गंगव्वा घरी फार दिवस राहिल्या नाहीत. एका सकाळी, महानंदा केस विंचरत असताना गेल्या. निरोप आला तसा मी शाहूपुरीत गेलो. सोप्यात, जिथे एकदा दोर आणि विळी गोळा करून ठेवली होती, तिथेच त्यांना भिंतीशी बसवले होते. मांडी घातलेली. कपाळभर विभूती. डाव्या तळहातात गळ्यातले इष्टलिंग. डोके एका कापडी पट्टीने भिंतीला धरून ठेवले होते, पण पाठीला कसलाही आधार दिलेला मला दिसला नाही. पेठेतले हमाल, अडते, राधानगरीकडून गूळ घेऊन येणारे शेतकरी एकेक करून समोर येत होते आणि वाकत होते. पोवार साध्या कपड्यात होते.

सिद्धाप्पा माझ्याजवळ आला. "बगा," तो म्हणाला. "कुनालाबी हात लावावा लागला न्हाय. मी नुसतं धरलं, आन् बसली."

दिवाळीनंतर तो माझ्या टेबलापाशी आला तेव्हा बाकावर बसला. हातात कचेरीचे पत्र होते. 'आपल्या अर्जातील विषयाबाबत अर्जदाराने समक्ष उपस्थित राहून आपले म्हणणे मांडावे.' मी ते वाचून त्याला परत दिले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कचेरीने बिचारीने आता कुठे तो अर्ज वाचायला घेतला होता.

"ह्येला काय उत्तर लिवायचं?" त्याने विचारले.

"तुम्ही सांगा. मी पोशाख घालतो."

त्याने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "लिवा, अव्वा बसून गेली."

मी कागद चढवला. 'प्रति, माननीय जिल्हाधिकारी. विषय: अर्जदार समक्ष हजर राहू शकत नसलेबाबत. अर्जदार श्रीमती गंगव्वा या आपल्या राहत्या घरून, आपल्या रीतीप्रमाणे, बसून गेल्या. त्यांची काही तक्रार शिल्लक नाही. सबब सदर अर्ज निकाली काढण्यात यावा, ही विनंती.'

कागद काढला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. शेजारच्या टेबलावरची टकटक थांबली होती.

"बरोबर आहे?" मी विचारले.

"बरोबर हाय," सिद्धाप्पा म्हणाला, आणि त्याने सही केली.